घुबडाचा कोट

मित्रांनो, गिऱ्हाइकांना टोपणनावं ठेवण्यात आमच्या लाँड्रीमालकांचा मोठा फायदा होता. नाव विचारायला नको, लक्षात ठेवायला नको, वर दिवसभर फुकटची करमणूक. एका बाईंचं गाठोडं 'कुरकुर', वकिलांचं 'ढेरी', हेडमास्तरांचं 'घुबड'. नावाची चिठ्ठी कपड्याला टाचायची आणि कपडा परत देताना काढून घ्यायची, अशी आमची पद्धत.

मी या दुकानातली जुनी इस्त्री. नवी होते तेव्हा माझ्या तळात बघून भांग पाडावा, इतकी चकचकीत होते. आता वायरीवर चिकटपट्ट्या आल्या. तरी मला जपणारा एक हात होता, मावशींचा. मावशी जन्मापासून पाय ओढत चालतात, पण दिवसभर उभ्यानं इस्त्री करायच्या. घरी आई अंथरुणाला खिळलेली. दोघींची चूल या टेबलाच्या जोरावर पेटायची.

त्यांना मावशी म्हणणारी मी एकटीच. बाकी सगळ्यांची ती 'लंगडी'. हेडमास्तर तर दारातूनच ओरडायचे, "काय गं लंगडे, झाला का कोट?"

"झाला, सर."

मग मावशी मला अशा दाबायच्या, की कापडाला कळायचं नाही, पण मला कळायचं.

बक्षीस समारंभाच्या सकाळी हेडमास्तर धावत आले आणि टेबलावरचा कोट अंगात घालून निघालेही.

"सर, थांबा, कॉलरला मागं..."

"उशीर झालाय गं लंगडे! सांग नंतर!"

दुपारी ते मुठीत चिठ्ठी घेऊन परतले. "घुबड? मी घुबड? सगळी शाळा खिदळली! माणसाच्या रूपावर बोलता, लाज नाही वाटत?"

मालक हात जोडून म्हणाले, "गंमत हो, सर! एवढं काय मनाला लावून घ्यायचं? मला नाही का सगळे ढब्ब्या म्हणत?"

"तुम्हाला चालत असेल. मला चालत नाही. उद्यापासून शाळेच्या वसतिगृहाच्या चादरी तुमच्याकडे धुवायला देणं बंद! आणि ही लंगडी, हिनंच मुद्दाम ठेवली असणार!"

मित्रांनो, वायर जोडलेली नसताना मी तापले. हेडमास्तरांना लागलं, ते खोटं नव्हतं. पण शब्द लागतो हे ज्याला एवढं कळतं, त्याच्या तोंडून त्याच दमात 'लंगडी' निघतं कसं? मालक अजून म्हणतात, लोक फार नाजूक झालेत. अहो, रागवायलासुद्धा पाठीशी काही असावं लागतं! चादरी बंद करता येणारा रागावतो. बाकीचे "झाला, सर" म्हणतात.

चादरी गेल्या, काम आटलं. मालक मावशींना म्हणाले, "उद्यापासून नको येऊस, लंगडे. मनाला लावून घेऊ नकोस हं."

मावशींनी माझा तळ पुसला, वायर सैल गुंडाळली. "हिला गरम असताना गुंडाळू नका," एवढंच म्हणाल्या आणि पायरी उतरल्या.

आता मालक स्वतःच मला फिरवतात, आणि गरमच गुंडाळतात. हेडमास्तरांना पलीकडच्या गल्लीत कोट वेळेवर मिळतो. नाव मालकांनी ठेवलं, अपमान हेडमास्तरांचा झाला, आणि भरपाई केली मावशींनी.