दहापैकी दहा

ज्ञानाच्या इतिहासात काही क्षण असे येतात, की त्यानंतर जग पूर्वीसारखं राहत नाही. असा एक क्षण मंगळवारी सव्वाअकरा वाजता दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत आला आणि शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीआधी गेला.

रक्तात साखर फार दिवस मुक्कामाला राहिली, की नसांच्या आतलं इंधनाचं गणित बिघडतं. मग नसा कामं बंद करतात, तीही लांबच्या शाखेपासून. म्हणजे आधी पाय. हे गणित सुधारणारी गोळी शोधण्यात तिथल्या एका शास्त्रज्ञांची अठरा वर्षं गेली होती. आता ती चाळीस माणसांवर चालू होती. खरी गोळी कुणाला आणि पिठाची कुणाला, हे एका बंद लिफाफ्यात होतं. चाळिसावा माणूस ऐनवेळी गळाला, म्हणून शास्त्रज्ञांनी सख्ख्या थोरल्या भावाला, दादाला, घेतलं. नियमांत भावाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

तपासणी साधी होती. माणसाने डोळे मिटायचे. प्रयोगशाळेतल्या बाई नायलॉनचा दोरा तळव्याला दहा जागी टेकवणार. कळलं की "हो" म्हणायचं. बारा आठवड्यांपूर्वी बहुतेकांना दोन-तीन जागी कळत होतं. मंगळवारी सगळे आठ किंवा त्याच्या वर होते. दादा दहापैकी दहा.

दादा तीस वर्षं शाळेची बस चालवत होता. परवान्याचं नूतनीकरण सोमवारी होतं आणि मधुमेही ड्रायव्हरला पायात संवेदना असल्याचा दाखला लागे. दाखला द्यायचा अधिकार शास्त्रज्ञांना होता. त्यासाठी शुक्रवारी पुन्हा एकदा तपासायचं, एवढंच बाकी होतं.

शुक्रवारी बाई रजेवर होत्या. त्यांच्या स्टुलावर फायलींचा ढीग होता, म्हणून शास्त्रज्ञ सरळ फरशीवर बसले.

"एवढं पाया पडू नकोस," दादा म्हणाला. "आशीर्वाद संपलेत."

"डोळे मीट."

शास्त्रज्ञांनी अंगठ्याला दोरा टेकवला. मग करंगळीला. मग चवड्याला. दोरा वाकेपर्यंत दाबला, नियमाप्रमाणे. सातवी जागा टाच होती.

"सुरू कर की, शास्त्रज्ञबुवा," दादा डोळे मिटूनच म्हणाला. "मला दोनच्या शाळेला बस लावायचीय."

शास्त्रज्ञांनी उरलेल्या तीन जागाही उरकल्या. अर्धवट तपासणी ग्राह्य धरत नाहीत.

"झालं," ते म्हणाले.

दादाने डोळे उघडले. "बाई नाहीत का?"

"रजेवर आहेत. का?"

"त्या पुढे वाकल्या की स्टूल करकरतं. करकरलं की हो म्हणायचं."

"दादा, कळलं तर हो म्हणायचं होतं."

"पहिल्या वेळी मी गप्प बसलो, तर तुझं तोंड एवढंसं झालं. अठरा वर्षं घासतोयस, म्हटलं भावाने एवढं तरी करावं. आणि दाखलाही हवाच होता, खोटं कशाला बोलू?"

"बाकीचे एकोणचाळीस?"

"बाहेरच्या बाकावर मीच सांगितलं त्यांना. माणसं बिचारी घाबरलेली होती. म्हटलं, कान द्या, सोपं आहे. एक आजी कमी ऐकतात, त्यांना आठच पडले."

शास्त्रज्ञ लिफाफा घेऊन आले आणि त्यांनी तो फोडला. फोडायची तारीख पुढच्या महिन्यात होती. खऱ्या गोळीवाल्यांत जितकी सुधारणा होती, तितकीच पिठाच्या गोळीवाल्यांत होती. शास्त्रज्ञांना वाईट वाटायला हवं होतं. ते वाटण्याची थोडा वेळ वाट पाहून त्यांनी दाखल्याचा कागद पुढे ओढला.

"मंगळवारचे दहा आहेत ना कागदावर?" दादा म्हणाला. "तेच उतरव. ब्रेक मला बरोबर सापडतो. बस कुठे, किती थांबली ते बुडाला कळतं."

"बसमध्ये मुलं किती असतात?"

दादाने मोजा चढवला. मोज्याची टाच वाकडी बसली होती. त्याला ते पाहूनच कळलं, मग त्याने ती फिरवली.

"बेचाळीस," तो म्हणाला.

शास्त्रज्ञांनी शून्य लिहिलं. ते नीट गोल आलं नाही, म्हणून पुन्हा गिरवलं. खाली सही केली.

"आई असती तर तुला कानफटवलं असतं," दादा म्हणाला. मग दुसरा मोजा चढवत म्हणाला, "मलाही."

दोनच्या शाळेला त्याने फोन करून दुसरा ड्रायव्हर बघायला सांगितलं. स्वतःच्या गाडीची किल्लीही टेबलावर ठेवली आणि बूट घातले, आधी हात आत घालून, काही आहे का ते चाचपून. ही सवय सगळ्या रुग्णांना लावायची, असं शास्त्रज्ञांनीच एका माहितीपत्रकात लिहिलं होतं.

रविवारी दादा भावाकडे जेवायला आला. भावजयीने दार उघडलं आणि उशीर का झाला म्हणून विचारलं. दोन बस बदलून यायला एक तास दहा मिनिटं लागतात. त्याच्या गाडीने बारा लागायची.