चौदा हजार फुटांवरचं इंजिन

देवमन इंगोलेला इंजिन कळतं, हे शेलूबाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांत जास्त देवमनलाच. हायवेला लागून त्याचं गॅरेज. मोटारसायकल असो की फवारणीचा पंप, तो लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. त्या निकालावर अपील नसे.

म्हणून मंगळवारी सकाळी लडाखहून लेकीचा फोन आला, तेव्हाही त्याने आधी डोळेच मिटले.

धम्मदीपा त्याची थोरली, याच गॅरेजात हात काळे करत शिकलेली. आता एका संस्थेच्या तुकडीत ती बोट चालवायची. चौदा हजार फुटांवरच्या तळ्याचं पाणी तपासणारी माणसं इकडून तिकडे न्यायची, हे तिचं काम. बोटीच्या मागच्या फळीला चाळीस घोड्यांचं इंजिन अडकवलेलं, आणि ते काही केल्या जोर धरेना.

"बाबा, चार मानसं बसली का बोट नुसती रांगते. पुरा थ्रॉटल देला तरी पळत नाई."

"ऐकव."

तिने इंजिन सुरू करून फोन जवळ धरला. देवमनने दहा सेकंद ऐकलं.

"पेट्रोल कमी पडून राह्यलं त्याले. मेन जेट काढ अन् तार फिरवून भोक जरासं मोठं कर."

जेट म्हणजे कार्बोरेटरमधला पितळेचा इवलासा तुकडा. त्याच्या भोकातून इंजिनाला पेट्रोल मोजून मिळतं. जोर कमी पडला की जेटात तार फिरवायची, हा देवमनचा तीस वर्षांचा हुकमी इलाज. गाडी धूर जरा जास्त सोडे, पण गिऱ्हाईक खूश होऊन जाई.

"आमच्या तुकडीचे सर म्हनत होते, आदी कंपनीचं पुस्तक पाहू."

"पुस्तकाले आवाज ऐकू येते काय? मी सांगतो तसं कर."

तासाभराने तिचा मेसेज आला. 'केलं बाबा. चौघाईले घेऊन पलीकडच्या काठावर निघाली. पाण्यावर रेंज नसते.'

हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय देवमनला चैन पडणं शक्य नव्हतं. शेजारच्या चहाच्या टपरीवर उदयसिंग राठोड बसले होते. फौजेतून निवृत्त झालेले, बरीच वर्षं लेहच्या रस्त्यावर ट्रक चालवलेले. देवमनने त्यांना सगळं रंगवून सांगितलं.

उदयसिंगांनी चहा खाली ठेवला. "भोक लहान केलं का मोठं?"

"मोठं."

"काहून मोठं केलं बाप्पा? तिथं हवाच पातळ हाय. इथं दहा हिस्से भेटते, तं तिथं सहा. हवा कमी तं पेट्रोलबी कमीच लागते. आमी वर जातानी बारीक जेट टाकत होतो. त्या इंजिनाले आदीच पेट्रोल जास्त होत होतं, तू अजून पाजलं. प्लग ओले होतीन अन् मधातच बंद पडन."

"बंद पडलं तं?"

"दुपारून वारा सुटते तिथं. पानी बर्फावानी थंड."

देवमन बाकड्यावर बसला. सकाळचा आवाज त्याला पुन्हा ऐकू आला, आणि आता लख्ख कळला. घास अडकलेल्याचा आवाज होता तो. देवमनने तो भुकेल्याचा समजून वर आणखी घास कोंबला होता. तेही स्वतःच्या लेकीच्या हातून, आणि तिच्या भरवशावर चार परकी माणसं बसली होती.

त्याने फोन लावला. लागला नाही. वीस वेळा लावला, तीस वेळा लावला. दुपारी बायको केशरबाई डबा घेऊन आली आणि पोरगी काय म्हणते, असं विचारू लागली.

"बरी हाय," देवमन म्हणाला. तोंडातून एवढंच निघालं, आणि त्याची त्यालाच किळस आली. उदयसिंग मात्र घरी गेले नाहीत. गॅरेजातल्या जुन्या टायरवर ते बसून राहिले.

साडेतीनला फोन वाजला.

"बाबा, मधातच बंद पडलं इंजिन." तिचे दात वाजत होते. "दोन घंटे वल्हं मारलं. लाटा अंगावर येत होत्या. मंग फौजेच्या बोटीनं ओढत आनलं."

"लागलं कोनाले?"

"नाई. सारे वले झाले, पन बरे हाय. सरांनं विचारलं जेट कोनं मोठं केलं. म्या म्हनलं, मी."

पोरगी जिवंत होती. आता सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ती पुढे बोलतच होती.

"माह्याच हातानं चुकलं असन, बाबा. तार कमी फिरवली असन. स्पेअर इंजिनाचा जेट काढून ठेवला हाय, तारबी हातात हाय. सांगा, किती फिरवू? उद्या पुन्हा जाचं हाय."

मरता मरता वाचलेली पोरगी त्याच माणसाला तेच पुन्हा विचारत होती.

"थांब. तार खाली ठेव, दीपा. आदी खाली ठेव."

"ठेवली. काहून?"

"तुह्या हातानं काई चुकलं नाई. म्या सांगतलं तेच उलटं होतं. मले तिथलं काईच समजत नाई, तरी म्या सांगतलं. तुह्या सरांनले सांग, बापानं करायले लावलं."

पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता.

"मंग आता मी कोनाले विचारू, बाबा?" धम्मदीपा म्हणाली.

देवमनने फोन उदयसिंगांच्या हातात दिला आणि ते काय सांगतात ते ऐकायला शेजारी उभा राहिला.