आडवा हात

कुंदाचं लग्न झालं ते १९६७ चं साल. दुसऱ्या पंगतीत तिच्या सासऱ्याने, जीवरामने, पानावर हात आडवा धरला तेव्हा कुंदाचा बाप तोताराम तुपाचा तांब्या घेऊन त्याच्यापुढे वाकलेला होता.

"बस, तोतारामभाऊ. डॉक्टरनं तूप बंद केलं मले. छातीत दुखते."

"डॉक्टर कुठी बसला पंगतीत? दाखवा. त्याच्याबी पानात सोडतो."

पंगत खदखदून हसली. तोताराम रावेरकडचा, दुसऱ्यांच्या केळीच्या बागांना पाणी धरणारा मजूर. एरवी त्याला कोणी ओट्यावर बस म्हणत नसे. पण गावात वरण-बट्टीचं जेवण असलं की तूप वाढायला तोतारामच लागे. त्याच्या तांब्यापुढे कोणाचा हात टिकत नाही, अशी त्याची ख्याती होती. गरिबाला तेवढीच एक ख्याती होती.

त्याने व्याह्याच्या हातावरच धार धरली. तूप बोटांच्या फटींतून बट्टीवर उतरलं, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"इवायानं तूप नाही घेतलं त लोक म्हनतीन, तोतारामच्या पोरीचं लगन कोरडं झालं."

जीवरामने दोन्ही बाजूंना पाहिलं. शंभर माणसं त्याच्या पानाकडे बघत होती. त्याने बोटं चाटली आणि तो जेवला.

एकोणिसाव्या दिवशी बैल सोडता सोडता जीवराम खाली बसला, तो उठलाच नाही.

तोताराम भेटीला गेला. जीवरामची बायको ताईबाई भिंतीला टेकून बसली होती. त्याला पाहून बाकीच्या बायकांचं रडणं थांबलं.

"या इवाई," ताईबाई म्हणाली. "तांब्या नाही आनला?"

गावात चहाच्या टपरीवर ह्या मरणाची खूप चर्चा झाली.

"तूप खाऊन मेला," सुकदेव म्हणे.

"तूप सोडलं व्हतं म्हनून मेला," अभिमन म्हणे. "गाडीच्या चाकाले वंगन नाही दिलं त काय होईन?"

"जळगावचा डॉक्टर म्हनतो, डालडा खा. त्यानं काही होत नाही."

"मंग त्या डॉक्टरलेच डालड्यात तळा!"

सगळे हसत. तोताराम मात्र हसत नसे. यातलं खरं काय ते त्याला कळायला हवं होतं. बाकीच्यांना नुसता चहा संपवायचा होता.

दिवाळीला कुंदा माहेरी आली नाही. तोताराम तिला पाहायला गेला तेव्हा ती चुलीपाशी जेवत होती. ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि लाल मिरचीची चटणी. आपल्याकडे चटणीत बोटाने खड्डा करून त्यात तेल सोडतात. कुंदाच्या चटणीत खड्डा होता. तेल नव्हतं.

"घरात तेल सरलं का इहीनबाई?" त्याने जपून विचारलं.

"घानीवरून कालच डबा आला," ताईबाई म्हणाली. "हिच्या वाट्याचं तुम्ही मह्या मालकाच्या पानात सांडलं ना. आता जलमभर कुठून आनू?"

तेल, तूप, दूध, दही, शेंगदाणे, तीळ, ज्याच्यात म्हणून स्निग्धपणा असतो ते सगळं कुंदाला बंद होतं. तळणीसमोर बसून पुऱ्या तळायच्या तिनेच, आणि खायची कोरडी भाकरी. तिचा नवरा पितांबर दीपनगरला विजेच्या कारखान्यात होता. शनिवारी येई, बायकोने तळलेलं खाई आणि सोमवारी जाई.

"आईपुढे कोन बोलीन, आबा?" तो सासऱ्याला म्हणाला. मिशीला लागलेलं तेल त्याने धोतराने पुसलं.

तोताराम घरी आला आणि बायकोला म्हणाला, "उद्यापासून मह्या भाकरीले काही लावू नको. पोरगी खाते तेच मी खाईन."

"तुम्ही खाल्लं नाही त तिच्या पोटात जाईन का?"

तरी तो कोरडं खायला लागला, ते अखेरपर्यंत. तांब्याही त्याने सोडला. पंगतीत कोणी हाक मारली की म्हणे, हात कापतो. लोक म्हणत, इवायाला खाल्लं, आता गुरासारखं सुकं चघळतो.

वर्षभराने तो रावेरच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने त्याची छाती तपासली, वजन केलं.

"तूप-तेल सोडलंत? उत्तम. चरबी झडली, दम लागत नाही. असंच चालू ठेवा."

"डॉक्टरसाहेब, एका जेवनानं मानूस मरतो का?"

डॉक्टरने पुन्हा पुन्हा विचारल्यावर सगळी हकीकत त्याच्या तोंडून आली. डॉक्टरने कागद ओढला आणि लिहून दिलं, की जीवरामचं हृदय अगोदरच खराब होतं, एका वेळच्या तुपाने असा मृत्यू आला असं म्हणता येणार नाही, आणि तरण्या सुनेला दूध-तूप मिळालंच पाहिजे.

तो कागद घेऊन तोताराम थेट कुंदाच्या सासरी गेला. ताईबाईला अक्षर येत नव्हतं. तिने कुंदाला हाक मारली. कुंदा चौथी शिकलेली. तिने उभ्याने तो कागद मोठ्याने वाचला, आपल्या दूध-तुपाच्या ओळीसकट.

"झालं वाचून?" ताईबाई म्हणाली. "जाय. भाकरी टाक."

एकाच भाकरीने बाप सुधारत गेला आणि लेक वाळत गेली. हे तोतारामला दिसत होतं. तो स्वतःची मनगटं पाही, मग तिची.

१९७० साली कुंदाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण ताईबाईने धाडायला नकार दिला. सातव्या महिन्यात तोतारामच्या बायकोने गाईचं तूप घालून डिंकाचे लाडू केले. तोताराम डबा डोक्यावर घेऊन गेला.

ताईबाईने डबा घेतला. झाकण काढून वास घेतला. मग तिने आळीला हाक मारली.

"या गं बायांनो! मह्या इवायानं तूप आनलं. त्यायचं तूप लई नावाजलेलं हाये."

बायका आल्या, पोरं आली. ताईबाईने कुंदाच्या हातात डबा दिला. कुंदा पोट सावरत प्रत्येकाच्या हातावर लाडू ठेवत गेली. डबा रिकामा झाला तेव्हा तिची बोटं तुपाने चमकत होती.

"हात राखेनं धू," ताईबाई म्हणाली. "मह्यासमोर धू."

कुंदाने चुलीतली राख घेतली आणि एकेक बोट घासून धुतलं. तोताराम ओट्यावर बसून होता. मुलीच्या बापाला त्या घरात पाणीही मागता येत नव्हतं, बोलणार कुठून.

पण एक लाडू त्याने वाटेतच उपरण्याच्या टोकाला बांधून ठेवला होता. निघताना तो गोठ्याकडून गेला. कुंदा शेण भरत होती. त्याने घाईघाईने गाठ सोडली.

"खाय पोरी. आता खाय. मी उभा राहतो आडोश्याले."

कुंदाने लाडवाकडे पाहिलं. मग तिने आपला राखेने पांढुरका झालेला हात बापाच्या हातावर आडवा धरला.

"नको आबा. आता पचत नाही. शेजारीननं चोरून दूध दिलं, तेबी उलटून पडलं."

"एक घास, माय."

"आबा, हात आडवा हाये."

त्या हाताची नस न् नस दिसत होती. उभ्या आयुष्यात तोताराम कोणाच्या आडव्या हातापुढे थांबला नव्हता. इथे थांबला. लाडू त्याने पुन्हा उपरण्यात बांधला. घरी पोचेपर्यंत त्याचा चुरा झाला होता.

कुंदा १९७० च्या कार्तिकात बाळंत होताना गेली. अंगात रक्तच नव्हतं, असं सुईण म्हणाली. मुलगी झाली होती, ती दुसऱ्या दिवशी गेली. तेराव्याला ताईबाईने वरण-बट्टी केली आणि तूप स्वतः वाढलं.

तोताराम १९७९ च्या उन्हाळ्यात विहिरीत पडून वारला. हृदय त्याचं शेवटपर्यंत ठणठणीत होतं.