तिसरा ठोका

हा गालिचा वेळेवर मागावरून उतरला, तर ओगुलसोनाच्या पदरात काय काय पडणार, ते मी आधीच मोजून ठेवलं होतं. कापूसवेचणी संपली की तिची जेमाल सासरी जाणार. सोबत असा गालिचा गेला की तिकडच्या सासूचं तोंड बंद आणि इकडे आम्हा शेजारणींची तोंडं पुढची दोन वर्षं उघडी. शिवाय ओगुलसोनाला स्वतः त्याला बोटही लावावं लागणार नव्हतं, कारण वसंतातच घरात सून आली होती. तिचं नाव मायसा. आमच्या गावात तिच्याइतक्या झपाझप गाठी मारणारी दुसरी नव्हती. माझाही थोडा नफा होताच. सूत मी रंगवलेलं, म्हणजे लग्नात माझा लाल रंग मिरवणार होता.

मायसा बोलायची नाही. आमच्याकडे नव्या सुनेनं ओढणीचं टोक दातांत धरायचं आणि सासूपुढे शब्द काढायचा नाही. सासू स्वतः ते टोक सोडवेल तेव्हाच सुटायचं. तोवर काही हवं-नको झालं, तर नणंदेच्या कानात सांगायचं आणि नणंदेनं ते आईला सांगायचं.

"माझी सून?" ओगुलसोना मिरवायची. "तक्रार म्हणून नाही हो तिची!"

"तोंडात कापड असल्यावर कोण करेल तक्रार?" मी म्हटलं.

"मग तुझ्या सुनेच्या तोंडात का नाही कोंबलंस? सगळ्या गावाला ऐकू येते ती!"

मी रंगाच्या कढईकडे वळले.

माग जमिनीवर आडवा, आमच्या दोघींच्या मधल्या भिंतीला लागून. अलीकडे मी रंग उकळत असायचे, पलीकडे मायसा उकिडवी बसून विणायची. गाठींची एक ओळ झाली की लोखंडी पंजानं ती ठोकून बसवायची. पंजा भरल्या किटलीएवढा जड. ओळीला तीन ठोके. ठक्, ठक्, ठक्. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत, महिनोन् महिने. पुढे पुढे मला ते ऐकू येईनासेच झाले.

शरदातली उशिराची खरबुजं पिकायला लागली आणि ते पुन्हा ऐकू यायला लागले. ठक्, ठक्... ठक्. तिसरा ठोका उशिरा पडत होता.

त्याच दुपारी ओगुलसोना भिंतीशी आली. चेहरा राखेसारखा.

"ऐकलंस?"

"काय?"

"आय्नाबात."

आय्नाबात म्हणजे तिची मोठी जाऊ. तीस वर्षांपूर्वी याच मागावर बसायची. तिच्या शेवटच्या गालिच्यात तिसरा ठोका असाच मागे राहू लागला होता. मग एक दिवस तो पडलाच नाही. दृष्ट लागली म्हणाले, हात मेला म्हणाले, आणि तिला माहेरी पोचवलं. तिकडे तिला भाकरसुद्धा दुसऱ्यानं मोडून द्यावी लागे. दोन वर्षांत गेली. तेव्हा ओगुलसोना नवी सून होती. आय्नाबातच्या शेजारी, तोंडात कापड धरून बसलेली.

"हा ठोका तिचाच गं," ती म्हणाली. "माझ्या पोरीच्या गालिच्यात येऊन बसलीय."

ठोका कुणाच्या हातातून येतोय ते मला ठाऊक होतं. पण लग्नाला पाच आठवडे उरले होते. मी म्हटलं, "हरमलाचा पाला जाळ, दृष्ट उतरेल."

तिनं जाळला. सलग तीन दिवस मागाभोवती धूर फिरवला, खुंट्यांना उंटाच्या केसांचा दोर बांधला. मायसा त्या धुरात खोकत विणत राहिली. तिसरा ठोका आणखी मागे पडला.

सूत पोचवायला मी गेले, तेव्हा ओगुलसोना अंगणाच्या टोकाला भट्टीत भाकऱ्या लावत होती. जेमाल मागाशेजारी खरबूज चिरत होती. मायसाचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत सुजलेला, कातडीखाली दोरखंड ओढल्यासारखा ताणलेला. तिनं मनगट वाकवलं आणि आवाज आला. नव्या बुटाचा येतो तसा, करकर. माणसाच्या अंगातून.

ती जेमालच्या कानाशी वाकली. माझे कान अजून शाबूत आहेत. "आईंना सांग, हात चालत नाही. चार दिवस द्या म्हणावं."

जेमाल उठली, भट्टीपाशी गेली. "आई, वहिनी म्हणते, लाल सूत संपत आलंय."

परत येताना तिनं माझ्याकडे पाहिलं. "काय बघता, मावशी?"

"काही नाही," मी म्हटलं. "सूत आणलंय ना मी." आणि गुंडे खाली ठेवले.

त्यानंतर नवव्या दिवशी, भर दुपारी, दोन ठोके पडले आणि मग काहीतरी जड जमिनीवर आदळलं. मी ओढणी खोचून पलीकडे धावले. ओगुलसोना धुराचं भांडं घेऊन पोचलीच होती. पंजा खाली पडला होता. मायसाची बोटं उघडी होती, आणि ती मिटवू म्हटलं तरी मिटत नव्हती. ओगुलसोना त्या बोटांकडे बघत राहिली. अशी बोटं तिनं आधीही पाहिली होती. भांडं हातातून सुटलं. मग तिनं आपल्या हातानं सुनेच्या दातांतलं कापड ओढून काढलं.

"बोल. बोल गं माझे आई."

त्या घरात मायसा पहिल्यांदा मोठ्यानं बोलली ती अशी: "तीनदा सांगितलं, आई. जेमालच्या तोंडून."

जेमाल रडू लागली. कुणी तिला गप्प केलं नाही.

दवाखान्यातली नर्स एनेजान आली. तिनं हात दाबून पाहिला आणि विझलेलं धुराचं भांडं पायानं बाजूला सारलं. "भूतबीत काही नाही, मांस आहे हे. सुताचा पीळ असतो तसं. दर ठोक्याला एखादा तंतू तुटतो. विसावा दिला तर शरीर तो सांधतं. तुम्ही सांधायच्या आत पुन्हा ओढलात, रोज. आधी नुसता आखडतो, झोपेनं उतरतं. मग झोपेनंही उतरत नाही. मग सूज, मुंग्या, आणि एक दिवस मूठ सुटते. सुरुवातीला चार दिवस पुरले असते. आता वर्ष लागेल, आणि पहिल्यासारखा होईल असं मी म्हणणार नाही."

"आय्नाबातलासुद्धा मग हेच..." ओगुलसोना म्हणाली.

"कोण आय्नाबात?"



शेवटचा वीतभर गालिचा जेमालनं विणला. गाठी सैल, आंधळ्यालाही कळाव्यात अशा. लग्न ठरल्या दिवशी झालं. आता ती दोन गावं पलीकडे तोंडात कापड धरून मागावर बसते, आणि तिचं म्हणणं सासूपर्यंत पोचवायला तिलाही एक नणंद आहे. मायसा मोकळेपणी बोलते, किटली डाव्या हातानं उचलते. माग रिकामाच आहे. दुपारी ओगुलसोना त्याच्यापाशी जाऊन बसते, ठोके मोजल्यासारखी दोन बोटं मिटते आणि तिसरं मिटायचं थांबते. तेव्हा रंगाच्या कढईवरून मलाही ऐकू येतं. दोन ठोके.

गालिचा जेमालला गेला. मान ओगुलसोनाला मिळाला, वीतभर कमी. लाल रंगाची तारीफ माझ्या वाट्याला आली. हात गेले ते दोन: एक आय्नाबातचा, एक मायसाचा.