कन्याशाळेची हलगी

"पुंजारामकाका, तुमच्याकडं एखादा हलगीवाला असंलच ना?"

क्रीडाशिक्षिका तृप्ती मॅडम मैदानावरून जवळजवळ धावतच फाटकाशी आल्या होत्या. गळ्यात शिट्टी, कपाळावर घाम आणि हातात कुण्या पोरीचा एकच बूट. जालन्याची जिल्हा स्पर्धा तोंडावर आलेली. सव्वीस जानेवारीला लेझीम पथकाला साथ देणारा बबलू हलगीवाला आता ऐन वेळी नाही म्हणाला होता. लग्नसराईचे दिवस. वरात सोडून तो शाळेच्या धुळीत कशाला येतोय?

"माझ्याकडं?" पुंजारामनं विचारलं.

"म्हणजे तुमच्या लोकांत हो. तुमच्या वस्तीत कोणी ना कोणी वाजवतच असंल की."

मॅडम मनानं वाईट नव्हत्या. भोकरदनकडच्या शेतीवाल्या घरातली तरुण बाई. गावात हलगी कोणत्या आळीतून येते ते लहानपणापासून बघितलेलं, त्याच सवयीनं बोलून गेल्या. पण फाटकाची कडी लावता लावता पुंजारामचा हात तिथंच थांबला.

"आमच्यात कोणी वाजवत न्हाई, मॅडम," तो म्हणाला. "बिलकुल न्हाई."

आवाज जरा चढलाच. मॅडमना आपलं काय चुकलं ते कळलं नाही, आणि विचारायला सवडही नव्हती. मैदानावरून कुणीतरी "मॅडम, माझा बूट" म्हणून ओरडत होतं. त्या परत पळाल्या.

एरवी हे दिवस पुंजारामच्या फार आवडीचे. तीर्थपुरीतल्या या मुलींच्या शाळेत तो बरीच वर्षं फाटक सांभाळत होता. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत कामात काही राम नसायचा. उघडा आणि लावा. पण संक्रांत झाली की शाळेच्या अंगात यायचं. एका कोपऱ्यात कबड्डी, दुसरीकडे गोळाफेक, वऱ्हांड्यात गॅदरिंगचे नाच, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर मिशी चिकटवलेली सातवीची राजाधिराज पोरगी तलवारीवरून भांडत असायची. तिची तलवार आदल्या दिवशी कोणीतरी घरी नेली होती म्हणे. आनंदनगरीच्या दिवशी पोरींनी धपाट्यांचे नि भेळेचे ठेले मांडले आणि एरवी ज्यांच्या आवाजानं वर्ग थरथरायचा त्या गणिताच्या सरांना रांगेत उभं केलं. विज्ञान प्रदर्शनात तर कमालच झाली. दोन वेण्यांच्या एका पोरीनं पाण्याच्या बाटलीचं रॉकेट सोडलं, ते शाळेच्या पत्र्यावरून झेपावत थेट फाटकापाशी येऊन पडलं. पुंजाराम दचकून उठला. पाठोपाठ पोरगी आली आणि हात पुढे करून म्हणाली, "काका, जल्दी द्या. अजून वर जाऊ शकतं ते."

पुंजाराम तिच्याकडे बघतच राहिला. अजून वर! आहे त्यावर समाधान नाहीच या पोरींचं. पोरींच्या गळ्यात एवढा आवाज असतो आणि पायांत एवढी धाव असते, हे त्याला साठी ओलांडल्यावर कळत होतं. रोज संध्याकाळी घरी गेला की हे सगळं तो बायकोला, चांगुणाबाईला, हातवारे करून सांगायचा.

"तुमाला पगार फाटकाचा देतेत, का बघायचा?" ती विचारायची.

"दोन्हीचा," तो म्हणायचा.

त्यांची नात ज्योत्स्ना याच शाळेत नववीला होती. तिचे आईबाप संभाजीनगरला कंपनीत कामाला, म्हणून पोरगी आजीआजोबांकडे. घरात कमी बोलणारी, अभ्यासात बरी. लेझमीत मागच्या रांगेत असायची. तिच्याकडून पुंजारामची काही मोठी अपेक्षा नव्हती. दहावी व्हावी, पुढं शिकावं, कोणाला दबू नये, एवढंच.

मॅडमच्या बोलण्यानं लागलेला काटा दुसऱ्या दिवशीही निघाला नव्हता. दुपारी तो पाण्याची टाकी उघडायला मागच्या बाजूला गेला आणि हलगी ऐकू आली. म्हणजे बबलू आला वाटतं, बरं झालं, असं मनाशी म्हणत तो कोपऱ्यावर वळला आणि जागीच उभा राहिला.

बबलू नव्हता. पाठमोरी एक पोरगी हलगी वाजवत होती. शाळेच्या कपाटातली जुनीच हलगी ती, फायबरच्या पडद्याची. पण काय वाजत होती! बबलूच्या हलगीवर पोरी नाचत होत्या खऱ्या, पण त्या नाचायच्या मॅडमच्या शिट्टीवर. आज शिट्टी मॅडमच्या गळ्यात नुसती लटकत होती. हलगी सावकाश झाली की पन्नासेक पोरी एकदम वाकत, हलगी तापली की सगळ्यांच्या लेझमा एकदम आभाळाकडे जात. सगळ्या मैदानाला जणू एकच श्वास होता. पुंजाराम टाकी विसरला. डोळे भरून आले. कोणाची असंल ही पोरगी, तिच्या मायबापाचं किती नशीब, असं त्याच्या मनात येतंय तोच ती पोरगी वाजवता वाजवता वळली.

ती ज्योत्स्ना होती.

मघाचं सगळं कौतुक पुंजारामच्या मनातून गेलं. तो तरातरा चालत मॅडमपाशी गेला.

"मॅडम, दुसरी पोरगी बघा."

"अहो काका, काय बोलता! हिच्यासारखा हात कुणाचा नाही."

"काल तुमी मला इचारलं. मी न्हाई म्हणलो." तो खालच्या आवाजात बोलत होता. "अन् आज माझ्या नातीच्या हातात दिली. शाळेत एवढ्या पोरी, तुमाला आमचीच दिसली?"

आता मॅडमच्या लक्षात आलं. कालचं आणि आजचं, सगळंच. "काका, माझं चुकलं. मला तसं म्हणायचं नव्हतं," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांनी मुकाट्यानं ज्योत्स्नाला रांगेत पाठवलं आणि हलगी पथकाच्या म्होरकीला, शीतलला दिली. शीतल बिचारी लेझमीत वाघीण, पण हलगी तिच्या हातात रडकुंडीला आली. पोरी एकमेकींच्या पायावर पडू लागल्या. ज्योत्स्ना मागच्या रांगेत लेझीम धरून उभी होती. ती आजोबाकडे बघतच नव्हती.

संध्याकाळी घरीही तेच. भाकरी पुढ्यात तशीच. चांगुणाबाईनं एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा नातीकडं.

"काय झालं? दोघांचे बी तोंडं अशे काहून?"

मग पुंजाराम बोलला. हे तो कधी कोणाशी बोलला नव्हता. मुलाशीही नाही.

"ज्योत्स्ना, माझा बा गावात हलगी वाजवायचा. हौसेनं न्हाई. गावाचं कामच व्हतं ते आपल्याकडं. कोणाच्या घरी लगीन असलं की बलावणं यायचं. वाजव म्हणले की वाजवायचं. बंद कर म्हणल्याबिगर थांबायचं न्हाई. एकदा एक वरात देवळापुढं आली अन् सगळे आत गेले. पाया पडले, तिकडूनच मांडवात जेवायला गेले. माझ्या बाला बंद कर म्हणायचं कोणाच्या ध्यानातच राह्यलं न्हाई. बा एकटा वाजवत उभा. समोर कोणी न्हाई, कुत्रं बी न्हाई. मी बारका, त्याचं धोतर धरून. म्हणलं, बा, थांब की. तर म्हणला, कोणी म्हणलं का थांब? बोटातून रगत गळायला लागलं तरी वाजवून राह्यला."

त्यानं पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

"मंग बाबासाहेबांच्या वाटेनं गेलो आमी. दीक्षा घेऊन आला त्या दिवशी बानं हलगी चुलीत घातली. जळक्या कातड्याचा वास घरभर. माय तोंडाला पदर लावून बसल्ती, अन् बा हसत व्हता. त्याला हसताना मी तवा पयल्यांदा बघितलं. त्या दिवसापसून आपल्या घरात हलगी न्हाई. आता सांग, मी चुकलो का?"

ज्योत्स्नानं भाकरीचा तुकडा मोडला, तसाच खाली ठेवला.

"आबा, मला कोणी दिली न्हवती हलगी," ती म्हणाली. "मॅडम म्हणल्या, कोणाला येती का? सगळ्या गप्प. मीच म्हणले, मला येती. मोबाईलवर बघून बघून कंपासपेटीवर शिकल्ते मी. मॅडम तर न्हाईच म्हणत व्हत्या, पोरींचं काम न्हाई म्हणे हे. मी वाजवून दाखवली तवा दिली."

"तू सोताहून?"

"सोताहून." मग तिचा आवाज फुटला. "पणजोबाला बंद कर म्हणायला कोणी आलं न्हाई. अन् मला वाजवायचं व्हतं, तर बंद कर म्हणायला तुमी आले."

चुलीपाशी बसलेली चांगुणाबाई मान वर न करता म्हणाली, "बराबर बोलली पोरगी."

पुंजारामला शिव्या खाल्ल्यावर लागतं त्यापेक्षा हे जास्त लागलं होतं, कारण ते खरं होतं. आपण बापाची लाज राखली असं त्याला दुपारभर वाटत होतं. प्रत्यक्षात बापाच्या जागी त्यानं नातीला उभं केलं होतं आणि स्वतः त्या वरातीतल्या माणसांत जाऊन बसला होता. त्याला स्वतःची फार शरम वाटली. त्यानं नातीच्या ताटातली गार झालेली भाकरी काढून गरम वाढायला सांगितलं, आणि ती जेवेपर्यंत तिथंच बसून राहिला.

सकाळी मॅडमची स्कूटी फाटकाशी आली तेव्हा तो वाटच बघत होता. त्याला बघून मॅडम स्कूटीवरून उतरल्या.

"मॅडम, पोरगी वाजवंल," तो म्हणाला. "तुमी दिली म्हणून न्हाई. तिला पाह्यजे म्हणून."

"काका, मी काल..."

"राहू द्या ते. एकच सांगून राह्यलो. तिला मधी कोणी बंद कर म्हणायचं न्हाई. मी बी न्हाई."

मॅडमनी मान हलवली. डोळे पुसायला त्यांना हेल्मेट काढावं लागलं.

स्पर्धेच्या दिवशी लेझमांची पोती उतरवायला म्हणून पुंजारामला सोबत नेलं होतं. जालन्याचं मैदान शाळा-शाळांच्या पोरींनी नुसतं फुललं होतं. लाल, हिरवे, केशरी फेटे. कोणी पिना लावतंय, कोणी रडतंय, कोणी रडणारीला रागावतंय. मांडवात पाहुणे मंडळी खुर्च्यांवर आणि माइकवाला गृहस्थ एकसारखा बोलतोय. पुंजाराम मैदानाच्या कडेला रिकामी पोती काखेत धरून उभा राहिला. ज्योत्स्ना हलगी घेऊन मैदानाच्या मध्यावर गेली तसा तो तिच्याकडे न बघता पाहुण्यांच्या तोंडांकडे बघू लागला. हलगीवाल्याकडे बघायची एक नजर असते, ती त्याला ओळखीची होती. ती कोणाच्या डोळ्यांत दिसते का, हेच तो शोधत होता.

हलगी सुरू झाली आणि त्याला तिकडं बघावंच लागलं.

सावकाश सुरुवात केली पोरीनं. पथक गोल फिरलं, वाकलं, उठलं. मग वेग वाढत गेला. शीतल पुढं होऊन अशी काही उसळली की शेजारच्या शाळेच्या पोरींनी शिट्ट्या मारल्या. लेझमांचा छणछणाट, पायांची धूळ, आणि त्या सगळ्याच्या मधोमध ती एक किरकोळ अंगाची पोरगी. पुंजारामला आपल्या घरात ही इतकी वर्षं वावरत होती यावर विश्वास बसेना. हे एवढं सगळं हिच्यात होतं आणि आपल्याला वाटत होतं, कमी बोलते.

हलगी पार टिपेला पोचली. आणि ऐन भरात ज्योत्स्नानं हात थांबवला.

सरावात हे कधीच झालं नव्हतं. पोरी होत्या तशाच थबकल्या. लेझमा डोक्यावर, एकेक पाय उचललेला. माइकवाल्याचं वाक्य तोंडातच राहिलं. मांडवात चहाचा कप तोंडाकडे नेणाऱ्या पाहुण्यांनी तो तसाच धरून ठेवला. एवढं मोठं मैदान गप्प झालं.

"विसरली की काय!" मॅडमनी घाबरून पुंजारामचं मनगट धरलं.

"न्हाई मॅडम," पुंजाराम म्हणाला. "थांबलीय ती."

ज्योत्स्नानं काडी धरलेल्या हातानं कपाळावरची बट मागं सारली. तिला काही घाई नव्हती. तिनं समोर बघितलं, मग डावीकडे, मग उजवीकडे. सगळे तिच्या हाताकडे बघत होते. पुढं वाजवायचं की नाही, आणि वाजवायचं तर कधी, ते त्या मैदानावर एकटी तीच ठरवणार होती.

शीतलचा उचललेला पाय थरथरू लागला होता. ज्योत्स्नाचा हात वर गेला. पुंजारामला वाटलं, अजून थोडा वेळ थांबावं पोरीनं.