चार सेकंद

कल्पनाबाई गायकवाडांना मोबाईलची भीती कधीच नव्हती. राग होता. बावीस वर्षं त्यांनी उंबरवाडीची शाळा खडू, फळा आणि स्वतःचा घसा यांवर चालवली होती. बैठकीत कुणी नव्या ॲपचं नाव काढलं की त्या पर्समधली बडीशेप काढून चघळत बसायच्या. दर दोन महिन्यांनी नवं ॲप यायचं आणि जुन्यात भरलेलं सगळं पुन्हा भरायला लागायचं. याला शिकवणं म्हणतात का, असं त्या उघड विचारायच्या, आणि साहेब पुढच्या विषयाकडे वळायचे.

उंबरवाडी म्हणजे मुठा खोऱ्याच्या वरच्या अंगाला सतरा घरं. बाई कासार आंबोलीहून स्कूटीवर पायथ्याशी यायच्या, तिथे राहणाऱ्या कान्हूच्या अंगणात गाडी लावायच्या आणि पंचवीस मिनिटं डोंगर चढायच्या. शाळा एका खोलीची, शिक्षिका एक, पोरं सहा. शाळेचं भवितव्य वर पोरं मोजून ठरतं, त्यामुळे दर जूनमध्ये बाई पटावरची नावं पुन्हा पुन्हा मोजायच्या. यंदा राहते की जाते? त्या शाळेपलीकडे त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, बदलीसुद्धा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर अभय सर वर आले. खालच्या मोठ्या शाळेतले, मूळचे नेऱ्याचे, वय एकोणतीस. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ म्हणून त्यांचं तालुक्यात नाव होतं. हातात मोबाईल लावायचा स्टँड आणि चढामुळे तोंडाला फेस.

“ताई, ओढ्याला पाणी आलं की तुम्हाला चार-चार दिवस वर येता येत नाही,” ते पाणी पिऊन म्हणाले. “पोरं नुसती बसून राहतात. तुमचे पाठ रेकॉर्ड करून ठेवू. टीव्ही मी एका संस्थेकडून मिळवतो. तुम्ही नसाल त्या दिवशीही पोरांना तुम्हीच दिसाल.”

बाईंनी एकच गोष्ट विचारली. “यानं शाळा टिकेल का?”

“डिजिटल शाळा कोण बंद करतं, ताई?”

एवढ्या एका वाक्यावर बाईंनी बावीस वर्षांचा राग गिळला आणि शिकायला बसल्या.

पहिल्या व्हिडिओत फक्त त्यांची कंबर आली. दुसऱ्यात तिसरीतल्या गोरखची शेळी वर्गात शिरली आणि पाठ तिनेच पुरा केला. पोरं पोट धरून हसली, बाईही हसल्या. पण पंधरा दिवसांत त्या आवाज साफ करायला शिकल्या, नको तो तुकडा कापायला शिकल्या, चित्राखाली अक्षरं टाकायला शिकल्या. अभय सर आठवड्यातून दोनदा शाळा सुटल्यावर यायचे. बाई त्यांच्यासाठी भाकरी आणि सुकटीची चटणी जास्तीची आणायच्या. घरी मुलीला सांगायच्या, हा पोरगा वेगळा आहे गं, समजावताना चिडत नाही.

बाईंचे पाठ पुस्तकातले नव्हतेच. वजाबाकी त्या चिंबोऱ्यांवर, म्हणजे ओढ्यातल्या खेकड्यांवर शिकवायच्या, कारण वाडीतलं प्रत्येक पोर ओढ्यात हात घालून चिंबोरी धरतं आणि पिशवीतून एखादी पळाली की रडतं. बोलणंही आधी वाडीचं, मग पुस्तकाचं. एका गोष्टीवर मात्र दोघांची गाडी अडली.

“प्रश्न विचारलात की चार सेकंद थांबा,” अभय सर म्हणाले. “पोरं तेवढ्यात उत्तर देतील. मग ‘शाब्बास’ म्हणायचं आणि पुढे जायचं.”

“आणि उत्तर चुकलं तर?”

“चुकलं तर चुकलं. पोरांना हुरूप येतो.”

बाईंना ते पटलं नाही. वर्गात त्या चूक किंवा बरोबर काहीच म्हणायच्या नाहीत, ‘दाखव बरं’ म्हणायच्या. मग पोरानं खडे मांडायचे, चिंबोऱ्या समजून मोजायच्या आणि आपली चूक आपणच पकडायची. राणी, दुसरीतली, तर खडे मांडल्याशिवाय स्वतःचं नावसुद्धा सांगायची नाही, असं बाई चेष्टेनं म्हणायच्या. पण टीव्हीतून आपल्याला पोरांचे खडे कसे दिसणार? मोबाईलमधलं आपल्यापेक्षा या पोराला जास्त कळतं, असं म्हणून त्यांनी ऐकलं. प्रश्न विचारायचा, मनात एक-दोन-तीन-चार म्हणायचं, शाब्बास.

फेब्रुवारीपर्यंत बेचाळीस पाठ झाले. शिक्षण परिषदेत अभय सरांनी त्यातले दोन दाखवले, टाळ्या वाजल्या, बाईंना प्रमाणपत्र मिळालं. उंबरवाडीच्या भिंतीवर टीव्ही लागला. बाईंनी त्यावर घालायला घरून भरतकामाचा रुमाल आणला.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पत्र आलं. पोरांची नावं खालच्या मोठ्या शाळेच्या पटावर चढवली होती. बाईंचं समायोजन नेऱ्याकडच्या एका शाळेत, आणि उंबरवाडीच्या खोलीचं ‘डिजिटल अध्ययन कक्ष’. तिथे वस्तीवरची दहावी झालेली पारू टीव्ही लावेल आणि शिक्षक पंधरा दिवसांतून एकदा येऊन जातील. पत्राला मूळ प्रस्ताव जोडलेला होता. त्यात लिहिलं होतं, ‘अनुभवी शिक्षिकेचे पाठ ध्वनिचित्रमुद्रित करून घेण्यात येत असून त्यानंतर वस्तीवर पूर्णवेळ शिक्षकाची आवश्यकता राहणार नाही.’ खाली अभय सरांची सही.

बाईंनी सहीखालची तारीख वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. सहा ऑक्टोबर. दिवाळीच्याही आधीची. स्टँड घेऊन ते डोंगर चढून आले त्याआधी महिनाभर हा कागद तयार होता. म्हणजे पहिली भाकरी खाल्ली तेव्हाही त्याला माहीत होतं, आणि शेळी बघून आपल्याबरोबर हसला तेव्हाही. शाळा जाण्याचं दुःख बाईंनी कधी ना कधी सोसलंच असतं, त्याची तयारी होती. पण केसानं गळा कापणारा आपल्याच डब्यातलं जेवून गेला, हे काही केल्या घशाखाली उतरेना.

त्या तशाच खालच्या शाळेत गेल्या. अभय सर संगणकाच्या खोलीत एकटेच होते. बाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि तारखेवर बोट ठेवलं.

त्यांनी कागद न उचलताच तारीख वाचली. “ताई, पट सहाचा. शाळा आज ना उद्या गेलीच असती. निदान तुमचा आवाज तरी तिथं राहिला.”

“मला सांगितलं का नाहीस?” आजवर त्या त्याला सर म्हणायच्या.

“सांगितलं असतं तर तुम्ही पाठ केले असते?”

“नसते केले.”

“मग.”

एवढंच. त्याच्या तोंडावर लाजही नव्हती आणि मग्रुरीही नव्हती, अवघड काम उरकल्याचा थकवा तेवढा होता. त्याची बदली पुण्याला, पाठ तयार करणाऱ्या पथकात झाल्याचं बाईंना दारातल्या शिपायाकडून कळलं.

व्हरांड्यातच त्यांनी मोबाईल काढला. पाठ पुसायचे कसे, हे त्यांना आता येत होतं. पण बेचाळीसच्या बेचाळीस पाठ अभयच्या खात्यात होते. खातं उघडताना तो म्हणाला होता, पासवर्डची कटकट तुम्हाला कशाला ताई, ते मी बघतो. त्यानं सगळं शिकवलं होतं, तेवढं एक सोडून.

जूनमध्ये बाई नेऱ्याकडे रुजू झाल्या. वर्गात एकसष्ट पोरं, खिडकीबाहेर बारा मजल्यांचं बांधकाम. शिकवून घसा बसायचा, पण नावं पाठ होईनात. जुलै गेला. ऑगस्टात त्यांनी एक किरकोळ रजा टाकली आणि उंबरवाडी गाठली.

कान्हूनं गाडी लावून घेतली. “लई दिसांनी,” एवढंच म्हणाला. नेहमीचा चहा त्यानं विचारला नाही.

चढताना बाईंना स्वतःचाच आवाज ऐकू आला. शाळेच्या दाराशी चपला काढून त्या उभ्या राहिल्या. पारू रिमोट धरून कोपऱ्यात बसली होती. सहा पोरं रांगेत, आणि भिंतीवर त्या स्वतः, निळ्या साडीत, हसऱ्या.

“पिशवीत पाच चिंबोऱ्या हायेत,” टीव्हीतल्या बाई म्हणाल्या. “दोन पळाल्या. किती राहिल्या?”

“सात,” राणी म्हणाली. बाकीची पोरं खुदकन हसली.

“शाब्बास,” टीव्हीतल्या बाई म्हणाल्या.

पारूला दारातल्या बाई दिसल्या आणि ती गडबडीनं उठली. पोरांनी वळून पाहिलं. गोरख अर्धवट उठला, पण राणी हलली नाही म्हणून पुन्हा बसला. एके काळी पायथ्यापर्यंत धावत येणारी पोरं ती.

“राणी, पाचातून दोन गेले तर सात कसे? दाखव बरं,” बाई म्हणाल्या.

“मला येतंय. तीन,” राणी म्हणाली. “आमी मुद्दाम चुकतोय. टीव्हीतल्या बाई कायबी सांगितलं तरी शाब्बासच म्हणत्यात. दाखव म्हणत न्हाईत.”

बाई आत आल्या, तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. तिच्या पुढ्यात खडे नव्हते. खोलीत कुठेच नव्हते, झाडून काढले असावेत. बाईंना तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता, पण तिनं मान मागे घेतली.

“बाई, तुमाला जायाचं व्हतं म्हणून तुमी ह्ये केलं व्हतं व्हय?”

बाईंनी तोंड उघडलं. प्रस्ताव, तारीख, सही, पासवर्ड, सगळं जिभेवर आलं. आठ वर्षांच्या पोरीला यातलं काय सांगायचं? आणि सांगितलं तरी भिंतीवरचा आवाज कुणाचा होता? मागे टीव्ही गप्प होता, पुढच्या प्रश्नानंतरचे चार सेकंद चालले होते.

“शाब्बास,” टीव्हीतल्या बाई म्हणाल्या, आणि राणी पुन्हा तिकडे तोंड करून बसली.