अठरावी पायरी

कात्री ‘शिपाई’ या शब्दापाशी आली, तशी त्याने ती चिठ्ठी कापून गुपचूप खिशात घातली. एकेक करत चाळीस मुलांच्या चाळीसही कागदांतली. कॉलेजात शिपाई म्हणून लागल्यापासून बावीस वर्षं समाजशास्त्राच्या नव्या वर्गासाठी तोच या चिठ्ठ्या कापत आला होता. वीस व्यवसाय, वीस चिठ्ठ्या. मुलांनी त्या प्रतिष्ठेच्या शिडीवर वरून खाली चिकटवायच्या. शिपाई दरवर्षी अठराव्या पायरीवर. त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोला! पण यंदा वर्गात त्याची लेक होती. तिच्या हाताने तिथे जायचं त्याला नको होतं.

कॉलेजात ओळख दाखवायची नाही, हा नियमही त्याचाच. पोरीकडे बघून कुणी नाक मुरडायला नको.

पण मॅडमनी वर्गात चिठ्ठ्या मोजल्या, आणि झालं!

“मामा, शिपाई कुठे गेला?”

सगळं कॉलेज त्याला मामाच म्हणे. राहून गेली असेल, तो पुटपुटला. मॅडमनी मुलांना ती चिठ्ठी हाताने लिहून घ्यायला सांगितली, आणि तो डिंकाची बाटली घेऊन बाकांमधून फिरू लागला. लेकीकडे पाहायचं नाही असं ठरवूनही त्याने पाहिलंच. शिपाई पाचव्या पायरीवर होता. वकिलाच्या खाली, बँक मॅनेजरच्या वर. वेडी कुठली! त्याला हसू आलं.

मॅडम नेमक्या तिथेच थांबल्या. अगदी मायेने त्या समजावू लागल्या, की प्रतिष्ठा म्हणजे आपण एखाद्याला किती मानतो ते नव्हे, समाज किती मानतो ते.

“तुझ्या घरी कुणी शिपाई आहे का?”

मुलगी कागदावरून नजर न उचलता म्हणाली,

“नाही, मॅडम.”

“बरं. मग ही कुठे जाईल? सांग बघू.”

तिने नखाने चिठ्ठी सोडवली. कोपरा जरा फाटला. जागा शोधावी लागली नाही. बोट सरळ अठराव्या पायरीवर गेलं. मॅडमनी मान डोलावली आणि त्या पुढच्या बाकाकडे वळल्या.

वाळलेली चिठ्ठी आता चिकटेना. पोरीने हात पुढे केला, त्याच्या तोंडाकडे न बघता.

“मामा, जरा डिंक देता का?”

त्याने बाटली दिली.